खाऱ्या हवेतला कॉम्प्युटर

मिरग लागला की आमची आई मिठाच्या बरणीत मूठभर तांदूळ टाकते. तरी आषाढात मिठाला पाणी सुटायचं ते सुटतंच. यंदा नेमका त्याच आठवड्यात भाचा मुंबईहून कॉम्प्युटरचे सुटे भाग घेऊन आला. कॅबिनेट (बाहेरची पेटी), मदरबोर्ड (सगळे भाग जोडायची पाटी), प्रोसेसर (हिशेब करणारी मुख्य चिप), रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती), एसएसडी (कायमची साठवण), एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारी पेटी), असे सगळे डबे. "मामा, इथेच जोडूया." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब, हवा जरा कोरडी होऊ दे. ऐकतोय कसला!

आमचं घर देवगडच्या बाजूला, समुद्रापासून दहा मिनिटांच्या चालीवर. पश्चिमेची खिडकी दिवसभर उघडी राहिली तर संध्याकाळी चष्म्याची काच चिकट लागते. लाट फुटते तेव्हा पाण्यात कोंडलेले बुडबुडेही फुटतात आणि बारीक तुषार हवेत उडतात. त्यातलं पाणी वाटेत उडून जातं, मिठाचे कण मात्र वाऱ्याबरोबर गावात येतात. किनारा सोडून आत जावं तसे ते कमी होत जातात. म्हणून आमच्या खिडकीचे गज चारपाच वर्षांत पोपडे टाकतात आणि कणकवलीच्या पाहुण्यांचे त्याच लोखंडाचे गज धड असतात.

हे कण कोरडे असेपर्यंत फारसं बिघडत नाही. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त धरू शकेल त्या वाफेच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते) साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर तेहतीसेक टक्क्यांनाच ओलं होऊ लागतं. आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस 80-90 च्या खाली येत नाही. म्हणजे बरणीत जे होतं तेच मदरबोर्डवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रमाणात, चालू असतं. फरक इतकाच की बरणीत वीज नसते.

मिठाचं पाणी विजेला वाट देतं. बोर्डावर तांब्याच्या रेघा एकमेकींपासून केसाच्या जाडीइतक्या अंतरावर असतात. एका रेघेवर पाच व्होल्ट, शेजारचीवर शून्य, आणि मध्ये खाऱ्या ओलीचा पातळ पापुद्रा. अशा वेळी पाच व्होल्टच्या रेघेतला धातू विरघळतो, त्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, सरकत शून्याच्या रेघेपाशी जातात आणि तिथे पुन्हा धातू होऊन साचतात. साचताना त्यांना झाडासारख्या बारीक फांद्या फुटतात. एखादी फांदी वाढत वाढत पलीकडे टेकली की झालं शॉर्ट सर्किट. पाण्याचा थेंबही न पडता बोर्ड "आपोआप गेला" असं आपण म्हणतो, त्यातल्या काही वेळा हे घडलेलं असतं.

असो. माजघरातल्या टेबलावर जुनी चादर घालून भाग मांडले. पोरानं मनगटाला बांधायचा अँटी-स्टॅटिक पट्टाही आणला होता. अंगात साठणाऱ्या स्थिर विजेचा चटका आपल्याला साधारण 3000 व्होल्टच्या खाली जाणवतच नाही, आणि नाजूक चिप काहीशे व्होल्टलाही मरू शकते, म्हणून ही काळजी. पण हा धोका खरा कोरड्या हवेतला, विदर्भातल्या थंडीतला किंवा एसी खोलीतला. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलीचा थर असतो, त्यावरून भार गुपचूप निघून जातो. दमट हवेचा आम्हाला झालेला हा एकच फायदा! तरी सवय म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावावा, आणि बोर्ड कडेनं धरावा. घामट बोटांतही मीठच असतं.

मदरबोर्डाची ओळख करून द्यायची तर तो एक मोठा नाका आहे, सगळ्या वाटा तिथे येऊन मिळतात. मधल्या चौकोनी सॉकेटात प्रोसेसर बसतो. त्याच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, अलगद ठेवायचा आणि खटका दाबायचा. इथे जोर लावायचा नसतो, एक पिन वाकली तरी बोर्ड गेला समजा. हल्लीच्या काही सॉकेटांत 1700 पिना असतात. इतक्या कशाला, असं भाच्यानं विचारलं. त्यातल्या खूपशा निरोप वाहायला नसतातच, नुसती वीज आत-बाहेर न्यायला असतात. प्रोसेसर चालतो सव्वा व्होल्टच्या आसपास, आणि खातो समजा 65 वॅट. भागाकार करून बघा, पन्नासहून जास्त अँपिअर येतात. आपल्या विहिरीवरचा एक एचपीचा पंप पाचसहा अँपिअर घेतो. म्हणजे दहा पंपांचा प्रवाह नखाएवढ्या सिलिकॉनमधून वाहतो, फक्त व्होल्टेज इतकं कमी की शक्ती एका बल्बाएवढीच. एवढा प्रवाह लांबून आणला तर तारा तापतील, म्हणून एसएमपीएसकडून 12 व्होल्ट घेऊन त्याचे सव्वा व्होल्ट करण्याचं काम सॉकेटच्या अगदी शेजारी होतं. तिथले राखाडी चौकोनी ठोकळे म्हणजे त्या कामाची तारेची गुंडाळी.

"इतके पंखे कित्याक रे? पेटयेक गरमता काय?" आईनं विचारलं. गरमतं तर! जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब आठवा, हात लावला की पोळायचा. ती उष्णता निदान मुठीएवढ्या काचेवर पसरलेली असायची. इथे तेवढीच दोनेक चौरस सेंटिमीटरमधून निघते. म्हणून वर तांब्या-ॲल्युमिनियमचा पापुद्र्यांचा हीट सिंक आणि त्यावर पंखा. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट बसवले तरी मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या खळग्यांत हवा राहते, आणि उष्णता वाहून न्यायला हवा फार मठ्ठ. ती जागा भरायला थर्मल पेस्ट. हरभऱ्याएवढी पुरे. पोरानं पोळीला तूप लावावं तशी थापली होती, ती पुसून पुन्हा लावली.

कॅबिनेटचे पंखे बसवताना आम्ही थोडा वाद घातला. त्याला दोन पंखे हवा बाहेर फेकायला हवे होते. मी म्हटलं, पुढून आत घेणारे दोन आणि मागे बाहेर फेकणारा एकच. आत येणारी हवा जास्त असली की पेटीत किंचित दाब राहतो, आणि फटींतून हवा आत शिरण्याऐवजी बाहेर जाते. मग जी काही हवा येईल ती पुढच्या जाळीतूनच. उन्हाळ्यातली जांभ्याची लाल धूळ त्या जाळीवर अडते. मीठ सगळं अडत नाही, पण मीठ धुळीला चिकटून बसतं आणि धूळ ओल धरून ठेवते, त्यामुळे धूळ अडली तरी निम्मं काम झालं. चुलीच्या धुराची काजळी या दोघांहून चिवट. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांनी कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या भिंतीलगत ठेवूच नये.

रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला पिवळेधमक दात असतात. डीडीआर4 पट्टीला असे 288. खाच जुळवून दोन्ही टोकांनी दाबायचं, कट्‌कन आवाज यायला हवा. तो पिवळा रंग खऱ्या सोन्याचा आहे. सोनं गंजत नाही म्हणून ते वापरतात. खाली निकेल, त्याखाली तांबं. मुलामा एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असतो. आमच्याकडे कॉम्प्युटर चालू होईना की पहिला उपाय ठरलेला, रॅम काढा आणि खोडरबर मारा. चालू होतोही, कारण वरची मळी निघते. पण रबरानं मळीबरोबर सोनंही थोडं थोडं खरवडलं जातं. दोनचार पावसाळे असे काढले की उघड्या पडलेल्या तांब्यावर हिरवट डाग दिसू लागतात, आणि मग रबरही चालत नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते आयपीए म्हणून मागायचं. त्यात भिजवलेल्या सुती कापडानं पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. खोडरबर शाळेतल्या पोरांसाठी ठेवा.

साठवणुकीला एसएसडी घेतली हे बरं केलं. जुन्या हार्ड डिस्कमधली चकती मिनिटाला 7200 फेरे मारते आणि वाचणारं डोकं तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. मध्येच लाइट जाणं तिला मुळीच मानवत नाही, आणि आमच्याकडे लाइट जाणं हा ऋतुमानाचा भाग आहे.

आता एसएमपीएस. या पेटीबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि कॉम्प्युटर मरतो तो बऱ्याचदा तिच्यापायी. भिंतीतून येणारे 230 व्होल्ट ही एक प्रकारची सरासरी असते. लाटेचा माथा 325 व्होल्टपर्यंत जातो. एसएमपीएस आधी त्या लाटेचा साधारण तेवढ्याच व्होल्टचा सरळ प्रवाह करते, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून नेते आणि 12, 5 आणि 3.3 व्होल्ट बाहेर देते. नेहमीच्या 50 हर्ट्‌झवर हेच काम करायचं तर जुन्या स्टॅबिलायझरसारखा लोखंडाचा गोळा लागला असता. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (विजेचा भार साठवणाऱ्या भागात) ते तीनशे व्होल्ट काही काळ दबा धरून असतात. म्हणून एसएमपीएसचं झाकण घरी उघडू नये, अगदी आत मुंग्यांनी घर केलं तरी.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार मी निम्म्या गावातून ऐकली आहे. त्यात एसएमपीएसचा दोष नसतो. तिच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, आतला गोंगाट, म्हणजे चालू-बंद करताना उठणारे विजेचे नको ते तरंग, जमिनीत सोडायला. अर्थिंगच नसेल तर तो गोंगाट जाणार कुठे? पत्रा मग मधल्यामध्ये लटकतो, 230 च्या निम्म्यावर, सव्वाशेच्या आतबाहेर. प्रवाह किरकोळ असतो म्हणून माणूस वाचतो, पण टेस्टर लावला तर पेटतो. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात प्लग खुपसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि अर्थिंगसाठी आमची जमीन चांगली नाही. जांभा सच्छिद्र, त्यात पाणी टिकत नाही, मे महिन्यात तो खडखडीत कोरडा. कोरडा दगड वीज वाहात नाही. म्हणून वायरमन खड्ड्यात कोळसा आणि खडे मीठ घालून वर पाणी ओतायला सांगतो. मिठाचं पाणी विजेला वाट देतं, तेच सूत्र इथे कामाला येतं. आमचा खड्डा बघितला तर चुन्यासारखा कोरडा. आईकडे पाच किलो मीठ मागितलं. सकाळपासून तिनं मिठाच्या नावानं चाललेलं आमचं व्याख्यान ऐकलं होतं. म्हणाली, "मगे मीठ वायट काय बरा, ता एकदा ठरवा."

वीज कडाडते तेव्हा हाच खड्डा उपयोगी पडतो. व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये झिंक ऑक्साइडचा चपटा बिल्ला असतो. नेहमीच्या व्होल्टेजला तो वीज अडवतो, व्होल्टेज उसळलं की क्षणात वाट मोकळी करून लोंढा दुसरीकडे वळवतो. जवळ वीज पडली की लोंढा जमिनीकडेच वळवावा लागतो, आणि अर्थिंग नसेल तर वळवणार कुठे? कोकणात भर श्रावणापेक्षा मेअखेरचे वळीव आणि परतीचा पाऊस विजांसाठी वाईट. तेव्हा प्लग काढून ठेवणं हाच उत्तम उपाय. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून लोंढा मोडेममध्ये आणि तिथून लॅन केबलनं थेट मदरबोर्डात यायचा. आता गावात फायबर आलं, काचेच्या तंतूतून वीज येत नाही. पण फायबरच्या डबीचा ॲडॉप्टर भिंतीतच असतो, म्हणून तोही काढायचा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. अशा वादळानंतर वीज पहिल्यांदा येते तेव्हा कॉम्प्युटर जोडलेला नसावा. कुठे न्यूट्रल तुटलेला असला तर घरात 230 ऐवजी 400 कडे जाणारं व्होल्टेज शिरू शकतं.

रात्री नऊला बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर काही नाही. पोराचं तोंड उतरलं. एसएमपीएस आधी आपले सगळे व्होल्टेज जागेवर आले का हे बघते, अर्ध्या सेकंदाच्या आत बोर्डाला "ठीक आहे" असा इशारा देते, मग प्रोसेसर जागा होऊन रॅम, पडदा, डिस्क असं एकेक तपासतो. पंखे फिरतात म्हणजे 12 व्होल्ट आहेत. मग अडलं कुठे? बोर्डाची 24 पिनांची जाड वायर लावली होती, पण सॉकेटजवळची आठ पिनांची, प्रोसेसरची स्वतंत्र वायर हीट सिंकमागे लोंबत होती. पन्नास अँपिअर तिच्याच जोरावर यायचे. ती लावली आणि पडदा उजळला.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम झाले. पावसाळ्यात कॉम्प्युटर रोज तासभर तरी चालवायचा. बाहेर 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल आणि पेटीतली हवा दहा अंशांनी तापली, तर पाणी तेवढंच राहूनही तिथली सापेक्ष आर्द्रता पन्नासएक टक्क्यांवर येते. 75 च्या बरंच खाली, म्हणजे मिठाचं पाणी आटू लागतं. दुसरा नियम, काम झालं की भिंतीवरचं बटणही बंद. नुसता शट डाउन केला तरी बोर्डावर पाच व्होल्ट जागे असतात. पेटी थंड, हवा ओली, रेघांत वीज. त्या धातूच्या फांद्यांना यापेक्षा चांगला हंगाम नाही.

ऑक्टोबरात भाचा आला तेव्हा झाकण उघडलं. बोर्ड स्वच्छ होता. मागच्या एका स्क्रूवर पांढरट फूल आलं होतं, ते पुसलं. ग्राफिक कार्डासाठी सोडलेल्या खाचेची पट्टी त्यानं तेव्हा काढली होती आणि परत लावायची राहिली होती. त्या भोकातून आत शिरून पालीनं एसएमपीएसच्या आडोशाला दोन अंडी घातली होती.