अपडेट मागे घेण्याची पार्श्वभूमी

मोठ्या संगणक प्रणालीवर चढवलेले अपडेट बिघडले की ‘रोलबॅक करा’ हा आदेश सर्वांत आधी निघतो. जुनी आवृत्ती परत आली की सारे पूर्ववत होईल, हे त्यात गृहीत धरलेले असते. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकांवर, हे गृहीतक बऱ्याच अंशी खरेही ठरत असे. मेनफ्रेमवर सॉफ्टवेअर बसवण्याच्या आयबीएमच्या एसएमपी/ई या साधनात ‘अप्लाय’ आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ या दोन पायऱ्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘अप्लाय’ केल्यावर दुरुस्ती चालत्या लायब्ररीत (प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रॅमच्या साठ्यात) जाते, पण मूळ प्रत वितरण लायब्ररीत शाबूत राहते आणि तिच्यावरून ‘रिस्टोअर’ करता येते. ‘अ‍ॅक्सेप्ट’ केले की परतीची ती वाट बंद होते. इतकी विचारपूर्वक केलेली रचनाही सांभाळते ती फक्त प्रोग्रॅमची प्रत. मधल्या काळात नव्या प्रोग्रॅमने लिहिलेला डेटा, रांगेत लावलेली कामे आणि इतर यंत्रांना धाडलेले संदेश तिच्या कक्षेत येत नाहीत. डेटाबेसमधला रोलबॅकसुद्धा कमिट न झालेल्या, म्हणजे अजून कायम न केलेल्या, व्यवहारापुरताच असतो.

ही मर्यादा जून 2012 मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात उघडी पडली. रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या बॅच कामांचा क्रम लावणाऱ्या शेड्युलर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती 17 जूनला बसवण्यात आली, दुसऱ्या दिवशी बॅचमध्ये गडबड दिसली आणि 19 जूनला ती काढून टाकण्यात आली. काढण्याचे परिणाम आधी तपासलेले नव्हते, आणि नवी आवृत्ती जुनीशी जुळणारी नाही हेही कोणाच्या लक्षात आले नव्हते. म्हणजे खरा अनर्थ अपडेट चढवताना नव्हे, उतरवताना झाला. ब्रिटनमधील किमान 65 लाख ग्राहकांना त्याची झळ बसली, समूहातील अल्स्टर बँकेतील व्यत्यय 10 जुलैपर्यंत चालला, आणि 2014 मध्ये दोन नियामकांनी मिळून 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड ठोठावला.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत घडले ते याहून बारकाईने पाहण्याजोगे आहे. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर पोहोचला, आठव्यावर पोहोचला नाही. नव्या कोडने एका जुन्या फ्लॅगचा (कोडचा एखादा भाग चालू करणाऱ्या खुणेचा) पुनर्वापर केला होता. आठव्या सर्व्हरवर मात्र त्याच फ्लॅगने 2003 पासून वापरात नसलेला कोड जागा केला आणि ऑर्डरींचा मारा सुरू झाला. गोंधळाच्या मुळाशी नवा कोडच असावा, अशा समजुतीने तो सातही सर्व्हरवरून काढण्यात आला. फ्लॅग लावलेल्या ऑर्डरी येतच होत्या, त्यामुळे आता तो जुना कोड आठही सर्व्हरवर चालू लागला. सुमारे 45 मिनिटांच्या या प्रकारात कंपनीला 46 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. घाईने केलेल्या रोलबॅकचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही: कोड मागे गेला, पण त्याला मिळणारी आज्ञा नव्या अर्थाचीच राहिली.

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीने आपल्या अपडेटमधली सदोष फाइल 78 मिनिटांत मागे घेतली. तरीही मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रांना फटका बसला. बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होणारी यंत्रे दुरुस्ती उतरवून घेण्याइतका वेळ चालूच राहत नव्हती, आणि त्यांपैकी असंख्य यंत्रांसमोर बसून, सेफ मोडमध्ये (विंडोजचा मोजकाच भाग चालू ठेवणाऱ्या स्थितीत) जाऊन, ती फाइल माणसाला हाताने काढावी लागली.