स्कॉट्स वेगळी, गेलिक वेगळी

२५ जानेवारीच्या रात्री स्कॉटलंडमध्ये कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीची पंगत बसते. किल्ट (चौकटीचा घोळदार घागरा) घातलेला बॅगपाइप वाजवणारा पुढे, त्याच्या मागून थाळीत वाफाळता हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुसं आणि ओटची भरड यांचं सारण. कुणीतरी सुरी परजत बर्न्सची हॅगिसवरची कविता म्हणतो, 'स्लान्ज व्हा' म्हणत पेले उंचावतात आणि शेवटी सगळे हातात हात गुंफून 'ऑल्ड लँग साइन' गातात. परक्या पाहुण्याला हे सगळं एकाच संस्कृतीचं वाटतं. पण कविता आणि शेवटचं गाणं आहे स्कॉट्स भाषेतलं, 'स्लान्ज व्हा' गेलिक, आणि किल्ट गेलिक बोलणाऱ्या डोंगराळ हायलँड्सचा. बर्न्स सखल भागातल्या एअरशरचा, शेतकऱ्याचा मुलगा. गेलिक त्याची भाषा नव्हती.

स्कॉटिश साहित्य शिकायला जाणाऱ्याची पहिली ठेच इथेच लागते. स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण, जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीतून वाढलेली. गेलिक केल्टिक कुळातली, आयर्लंडहून आलेली, आयरिशच्या नात्यातली. 'माझ्याकडे कुत्रा आहे' एवढं एक वाक्य घ्या. स्कॉट्समध्ये ते साधारण 'आ हे अ डग' असं ऐकू येतं. इंग्रजी येणाऱ्याने कान देऊन ऐकलं तर कळेल. गेलिकमध्ये 'हा कू आकम'. 'हा' म्हणजे आहे, 'कू' म्हणजे कुत्रा, 'आकम' म्हणजे माझ्यापाशी. इंग्रजीला आणि स्कॉट्सला मालकी सांगायला वेगळं क्रियापद लागतं. गेलिकचं आपल्यासारखंच, कुत्रा नुसता माझ्यापाशी असतो. फक्त तिचं क्रियापद वाक्याच्या तोंडाशी आणि आपलं शेपटाशी. मराठी माणसाला गेलिकचं व्याकरण इथे चक्क घरचं वाटतं, हे इंग्रजाला सांगून पटायचं नाही.

गोंधळाचं मूळ मात्र नावात आहे, आणि ती गोष्ट मजेशीर आहे. लॅटिनमध्ये 'स्कॉटी' म्हणजे मुळात गेलिक बोलणारे लोक, त्यामुळे मध्ययुगात 'स्कॉट लोकांची भाषा' म्हटलं की गेलिकच. सखल भागातल्या बाजारपेठांमधली माणसं आपल्या बोलीला 'इंग्लिस' म्हणत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वारं फिरलं. दरबाराची भाषा आता हीच होती, तिला देशाचं नाव हवं झालं, म्हणून 'इंग्लिस'चं 'स्कॉटिस' झालं. आणि गेलिकला? तिला 'अर्श', म्हणजे आयरिश, म्हणू लागले. घराची मूळ मालकीणच पाहुणी ठरली. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडलेला चौथा जेम्स हा गेलिक येणारा शेवटचा राजा मानतात.

पुढे दोघींचीही पडझड झाली, पण वेगवेगळ्या वाटांनी. गेलिक परकी म्हणून दाबली गेली: १६०९ च्या आयोनाच्या कलमांनी, म्हणजे आयोना बेटावर सरदारांकडून मान्य करून घेतलेल्या अटींनी, बेटांवरच्या सरदारांना आपले वारस इंग्रजी शिकायला सखल भागात धाडायला लावलं, १८७२ च्या शिक्षण कायद्यात तिचा उल्लेखही आला नाही. स्कॉट्सचा घात तिच्या जवळच्या नात्याने केला. धर्मसुधारणेच्या काळात स्कॉटलंडने इंग्रजी बायबल जसंच्या तसं वापरलं, १६०३ मध्ये इंग्लंडची गादीही मिळाल्याने राजा लंडनला गेला, आणि देवाची व दरबाराची भाषा इंग्रजी झाली. गेलिकमध्ये नवा करार १७६७ मध्ये छापला गेला. स्कॉट्समधला विल्यम लॉरिमरचा सुप्रसिद्ध अनुवाद थेट १९८३ चा. त्याच्या परिशिष्टात एका प्रसंगाचा पर्यायी मसुदा आहे, त्यात सैतान तेवढा शुद्ध इंग्रजी बोलतो! अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ लिखाणात टाळायच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी करत होता. आपल्याकडे कोकणी 'भाषा की बोली' यावर किती शाई सांडली ते आठवलं की स्कॉट्सचं दुखणं लगेच कळतं.

विद्यापीठातही या दोघींचे दरवाजे निराळे. ग्लासगोत स्कॉटिश साहित्य हा विषय वेगळा आणि केल्टिक-गेलिक वेगळा; एडिंबरात केल्टिकचं अध्यासन १८८२ पासून आहे. स्कॉटिश साहित्याच्या वर्गात बर्न्स, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट, विसाव्या शतकातला कवी ह्यू मॅकडायर्मिड भेटतात. गेलिक कवी बहुधा भाषांतरातून. मूळ गेलिक वाचायची तर तिच्याकडे परकी भाषा म्हणूनच पहिल्या धड्यापासून बसावं लागतं. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा वाचनयादी बघावी, हे माझं मत.

मग 'राष्ट्रीय' भाषा कोणती? १९३६ मध्ये स्कॉटिश कवी आणि समीक्षक एडविन म्यूरने लिहिलं की स्कॉटिश लेखकाला पुढचा मार्ग इंग्रजीचाच. मॅकडायर्मिड भडकला, त्याने १९२६ मध्येच काटेरी थिसलच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चिन्हाच्या, फुलाकडे बघत बसलेल्या दारुड्याचं दीर्घकाव्य स्कॉट्समध्ये लिहून दाखवलं होतं. पण गंमत पुढे आहे. त्याच मॅकडायर्मिडला जुन्या गेलिक कविता भाषांतरित करायला मदत केली ती रासे बेटावरच्या सॉर्ली मॅक्लीनने, जो स्वतः गेलिकचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा कवी. कागदावर भांडणाऱ्या दोन परंपरा एका मेजावर बसून काम करत होत्या.

२०२५ च्या कायद्याने दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा मिळाला. २०२२ च्या जनगणनेत साधारण १५ लाख लोकांनी स्कॉट्स बोलतो म्हणून सांगितलं; गेलिक थोडीफार तरी येणारे सुमारे १ लाख ३० हजार. पण स्कॉट्सचा प्रश्न जनगणनेत पहिल्यांदा आला २०११ मध्ये, तेव्हा निरनिराळ्या भागांतल्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं ऐकवणारी एक वेबसाइटच काढावी लागली, कारण आपण घरात बोलतो ती स्कॉट्स की बिघडलेलं इंग्रजी, हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. गेलिक बोलणाऱ्याला ही शंका कधी आली नसती.