समूहानुवर्तन

आजूबाजूच्या गटाशी जुळावे म्हणून आपले मत, निर्णय किंवा वागणे बदलणे, याला सामाजिक मानसशास्त्रात समूहानुवर्तन म्हणतात. अनुरूपता असाही शब्द रूढ आहे. यात कोणी हुकूम सोडत नाही की गळ घालत नाही. चौघांचे मत नुसते कानावर पडते आणि माणूस त्यांची री ओढतो. आज्ञापालनाहून ते वेगळे ठरते ते यामुळेच. गट जे म्हणतो तेच एखाद्याला आधीपासून पटलेले असेल, तर ते निव्वळ एकमत. म्हणून तोच माणूस एकटा असताना काय उत्तर देतो, हे आधी मोजल्याखेरीज अनुवर्तनाचे माप घेता येत नाही.

मुझफर शेरीफ यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काळोख्या खोलीत एक स्थिर प्रकाशबिंदू दाखवला जाई. भोवती काहीच दिसत नसल्याने असा बिंदू हलल्याचा भास होतो. किती हलला, याचा प्रत्येकाचा एकट्याने केलेला अंदाज वेगळा होता. एकत्र बसवून मोठ्याने बोलायला लावल्यावर आकडे एकमेकांकडे सरकत गेले. नंतर पुन्हा एकट्याने पाहतानाही लोकांनी गटाचाच आकडा धरून ठेवला. इथे कोणी कोणाचे मन राखत नव्हते. खरे उत्तर कळायला दुसरा आधारच नव्हता.

उत्तर डोळ्यांसमोर लख्ख दिसत असेल तर काय होते, हे सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात तपासले. सात ते नऊ जणांना दोन कार्डे दाखवत. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यांतली पहिलीएवढी लांब कोणती ते ओळीने, मोठ्याने सांगायचे. पहिल्याच फेरीत मूळ रेघ १० इंचांची आणि तुलनेच्या रेघा ८¾, १० व ८ इंचांच्या. चुकायला वावच नाही. यांतला एकच जण खराखुरा प्रयोगार्थी, बाकीचे आधी पढवलेले. त्याला शेवटी किंवा शेवटून दुसरे बसवत, म्हणजे जवळजवळ सगळ्यांची उत्तरे ऐकूनच त्याची पाळी येई. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळे बरोबर उत्तर देत. तिसरीत पढवलेले सगळे एकमुखाने चुकत. एकूण १८ फेऱ्यांपैकी १२ अशा होत्या.

१९५६ च्या १२३ जणांवरील अहवालात अशा फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरे गटाबरोबर चुकली. एकट्याने उत्तर देणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. जवळपास तीन चतुर्थांश लोक एकदा तरी गटामागे गेले, आणि पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. हे थांबणे अन्यायाचे आहे. त्याच तक्त्यात बरोबर उत्तरे जवळजवळ दोन तृतीयांश आहेत, एक चतुर्थांश लोक एकदाही ढळले नाहीत आणि बाराही वेळा गटामागे जाणारे फक्त ५ टक्के होते. स्वतः ॲश यांना माणसाच्या स्वतंत्रपणाचेही तेवढेच महत्त्व वाटत होते.

प्रयोगानंतरच्या मुलाखतींत दोन सूर ठळक होते. काहींना गट चुकतोय हे कळत होते, पण वेगळे पडायचे नव्हते. काहींना वाटले, इतके जण म्हणतात म्हणजे आपलीच नजर चुकत असावी. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये हाच फरक नेमका मांडला: पहिला प्रभाव मान्यतेचा, दुसरा माहितीचा. ओळखण्याची खूण सोपी आहे. उत्तर गुपचूप लिहून घ्यावे. अनुवर्तन झपाट्याने घटले तर दबाव प्रामुख्याने मान्यतेचा. लेखी उत्तरातही ते टिकले, तर माणसाला ते खरेच पटलेले आहे.

माहितीचा प्रभाव मुळात शहाणपणाचाच आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात ते खोटे नाही, पण पाचही मुखे आपापले पाहून बोलत असतील तरच. दुसऱ्याने पहिल्याचे ऐकून आणि तिसऱ्याने दोघांचे ऐकून मान डोलावली, तर पाच मतांमागे निरीक्षण एकाचेच उरते.

गटाच्या आकाराचा परिणाम लवकर संपतो. ॲश यांच्या प्रयोगांत विरोधात एकच जण असेल तर प्रयोगार्थी क्वचितच ढळे. दोघे असतील तर चुकीची उत्तरे सुमारे १४ टक्के, तिघे असतील तर ३२ टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे माणसे वाढवून विशेष फरक पडला नाही. खरे बळ एकमुखीपणात असते. एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुका साधारण चौथाईवर येत. त्याने गटाहूनही चुकीचे उत्तर दिले तरी दबाव सैलावे, कारण भिंतीला फट पडलेली असे. मात्र असा सोबती मध्येच फिरून बहुमताला मिळाला, की चुका पुन्हा चढत.

काम महत्त्वाचे असेल तर माणूस स्वतःचे डोके वापरतो, हा समज अर्धाच खरा. रॉबर्ट बॅरन व सहकाऱ्यांच्या १९९६ च्या प्रयोगात, साक्षीदारासारखी ओळख पटवण्याचे काम सोपे असताना महत्त्व वाढवल्यावर अनुवर्तन घटले. काम अवघड केल्यावर ते उलट वाढले. संस्कृती आणि काळाचाही फरक पडतो. १७ देशांतल्या १३३ अभ्यासांच्या १९९६ च्या एकत्रित विश्लेषणात समूहप्रधान समाजांत अनुवर्तन अधिक आढळले, आणि अमेरिकेत ते १९५० च्या दशकापासून उतरत गेलेले दिसले.

बैठकीत निर्णय घेताना चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर, नाव न घालता लिहावे; नंतर सगळ्या चिठ्ठ्या एकदम वाचाव्यात. बोलताना कनिष्ठांपासून सुरुवात करावी, अध्यक्षांनी शेवटी बोलावे. हात वर करून मत घेतले की हे सगळे वाया जाते, कारण हात वर जाण्याआधी नजरा फिरतात. घटनेच्या साक्षीदारांना एकमेकांशी बोलण्याआधी वेगवेगळे विचारावे. कोणाला तरी मुद्दाम विरोध करायचे काम नेमून देण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण ती तोकडी पडते: शार्लन नेमेथ यांच्या २००१ च्या अभ्यासात मनापासून विरोध करणाऱ्यामुळे गटाला जितके नवे उपाय सुचले, तितके भूमिका वठवणाऱ्यामुळे सुचले नाहीत.