उशिरा गरोदरपणातील रक्तस्राव : ‘किती’ यापेक्षा ‘कुठून’

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगावरून रक्त गेले की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘किती गेले?’ डॉक्टरांना मात्र ते कुठून आले हे आधी हवे असते. चिकट स्रावात मिसळलेला लालसर डाग पुष्कळदा केवळ प्रसूती जवळ आल्याची खूण असतो, कारण गर्भाशयमुख उघडू लागले की तिथला बुचासारखा स्राव सुटतो. उलट काही वेळा चार चमचे रक्तही बाळाच्या जिवावर बेतते.

धोक्याची मुख्य कारणे वारेशी, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून नाळेवाटे बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवाशी (प्लासेंटा), निगडित आहेत. दिवस भरत आलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे 500 ते 700 मिलिलिटर रक्त वाहते, आणि त्यातले बहुतेक वारेकडे जाते. वार चिकटलेली जागा थोडी जरी सुटली, तरी रक्तस्राव वेगाने का वाढतो, ते यावरून लक्षात येईल.

वार गर्भाशयाच्या खालच्या भागात, मुखाजवळ किंवा मुखावरच बसलेली असेल, तर शेवटच्या आठवड्यांत तो भाग ताणला जातो. वारेला तसे ताणता येत नाही, त्यामुळे तिची कड सुटते. हे रक्त लालभडक असते आणि पोटात सहसा दुखत नाही. बाई झोपेतून उठते ती ओल्या कपड्यांनीच, असेही घडते. पहिला स्राव बरेचदा आपोआप थांबतो, पण पुढचा किती मोठा असेल ते सांगता येत नाही. म्हणूनच वार कुठे आहे हे सोनोग्राफीत पाहिल्याशिवाय बोटाने आतून तपासणी करत नाहीत. बोट थेट वारेत शिरले तर रक्ताचा लोट सुरू होऊ शकतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असे लिहून आले म्हणून मात्र लगेच धास्तावू नये. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे वाढतो आणि बहुतेक जणींची वार मुखापासून दूर जाते. आधी सिझेरियन झाले असेल तर अधिक लक्ष द्यावे लागते, कारण जुन्या व्रणात वार खोलवर रुतून बसण्याची शक्यता असते.

वार योग्य जागी असूनही प्रसूतीपूर्वीच सुटू शकते, आणि माझ्या मते सर्वांत फसवा प्रकार हाच. उच्च रक्तदाब, पोटाला बसलेला मार, धूम्रपान, आधीच्या खेपेला असेच घडलेले असणे, यांमुळे त्याची शक्यता वाढते. रक्त वार आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये साचते. बाहेर थोडेच येते, कधी अजिबात येत नाही. पोट मात्र सतत दुखते, हाताला लाकडासारखे कडक लागते आणि बाळाची हालचाल मंदावते. त्यातच गरोदरपणात शरीरातले रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेले असल्यामुळे बरेच रक्त जाईपर्यंत आईची नाडी आणि रक्तदाब ठीकच दिसू शकतात. सोनोग्राफीतही हे साचलेले रक्त अनेकदा दिसत नाही, म्हणून निदान मुख्यतः लक्षणांवरूनच करतात.

दुर्मीळ पण भीषण प्रकार म्हणजे बाळाच्या रक्तवाहिन्या नाळेचे संरक्षण नसताना पाणमोटीच्या पडद्यातून गर्भाशयमुखावरून गेलेल्या असणे. पाणमोट फुटताना त्या फाटल्या, तर जाणारे रक्त बाळाचे असते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटरच्या आसपास रक्त असते, हे ध्यानात घेतले की वर सांगितलेल्या चार चमच्यांचा अर्थ लागतो.

जुना सिझेरियनचा व्रण कळांच्या ताणाने उकलणे हेही एक कारण आहे. गर्भाशयमुखाची सूज, तिथला मऊ कोंब किंवा संबंधानंतर नाजूक त्वचेतून आलेले रक्त ही तुलनेने साधी कारणे. क्वचित गर्भाशयमुखाचा कर्करोगही असतो, म्हणून रक्त थांबल्यावरही तो भाग नळी घालून पाहतात. पुष्कळदा सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. तरीही बाळाच्या वाढीवर पुढे लक्ष ठेवले जाते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर बाळाचे रक्त तिच्या रक्तात मिसळून प्रतिपिंडे (बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करणारी प्रथिने) तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डीचे इंजेक्शन शक्यतो 72 तासांच्या आत देतात.