यलोस्टोनच्या दारात गाडीमागे फी का?

अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानांच्या गेटवर खाजगी गाडीत किती माणसं बसली आहेत याला २०२५ पर्यंत फारसा अर्थ नव्हता. यलोस्टोनला गाडीमागे ३५ डॉलर भरले की सात दिवस आत-बाहेर करा. मग गाडीत नवरा-बायको दोघंच असोत की मागच्या सीटवर आजी-आजोबा आणि नातवंडं दाटीवाटीनं बसलेली असोत. कुटुंबकबिला घेऊन येणाऱ्याला ही पद्धत सोयीची. पण उद्यानं काही कुटुंबांसाठी म्हणून सुरू झाली नव्हती.

१ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी यलोस्टोनच्या कायद्यावर सही केली. आदल्या वर्षी भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडन सरकारी मोहीम घेऊन तिथं जाऊन आले होते. सोबत चित्रकार थॉमस मोरान आणि छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन होते. उकळत्या पाण्याचे फवारे, रंगीबेरंगी कुंडं आणि पिवळ्या कड्यांची दरी वॉशिंग्टनमध्ये पोचली ती या दोघांच्या चित्रांतून आणि फोटोंतून. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीनंही उद्यानासाठी जोर लावला, कारण रूळ टाकायचे तर प्रवासी हवेत. त्याआधी, १८६४ मध्ये, लिंकन यांनी योसेमिटीचं खोरं कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केलं होतं. यलोस्टोनच्या वेळी मात्र वायोमिंग आणि माँटाना अजून राज्यंच झालेली नव्हती. हवाली करायचं कुणाच्या? म्हणून जमीन केंद्रानं स्वतःकडे ठेवली. ‘राष्ट्रीय’ हे विशेषण निम्मं तरी अशा अडचणीतून आलेलं आहे.

ही जमीन रिकामी होती, हे मात्र खरं नाही. शोशोनी या मूळ रहिवासी जमातीतले तुकुदिका इथं रानमेंढ्यांची शिकार करून डोंगरात राहत. क्रो, ब्लॅकफीट, बॅनक या जमातींची ये-जा होती. १८७०च्या दशकात तुकुदिकांना इथून हलवून राखीव वसाहतींत नेलं. पुढं मूळ रहिवासी गीझरना, म्हणजे त्या उकळत्या फवाऱ्यांना, भिऊन या भागात फिरकतच नसत, अशी कथा पसरवली गेली. पर्यटकांना निर्धास्त वाटावं म्हणून रचलेली ही गोष्ट बरीच वर्षं खपली.

उद्यान पाच वर्षांचं असताना माँटानातून एक घरगुती मंडळी तिथं सहलीला आली: एमा कॉवन, तिचा नवरा जॉर्ज, एमाचा भाऊ, तेरा वर्षांची धाकटी बहीण आणि काही स्नेही. २४ ऑगस्ट १८७७ हा एमाच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस. त्याच दिवशी त्यांची गाठ नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांशी पडली. तेही बायकामुलं, म्हातारी माणसं आणि शेकडो मैलांचा प्रवास पाठीशी घेऊन चालले होते, कारण आपल्या भूमीतून हुसकावल्यावर सैन्य त्यांच्या मागावर होतं. मंडळी पकडली गेली. जॉर्जला मांडीत आणि डोक्यात गोळी लागली, तरी तो सरपटत जाऊन जगला. एमा आणि तिची भावंडं सुखरूप सुटली. नेझ पर्सनी ५ ऑक्टोबरला, कॅनडाची सरहद्द चाळीसेक मैलांवर असताना, शरणागती पत्करली. यलोस्टोनच्या कुटुंबसहलींचा इतिहास सांगताना हा प्रसंग एमाच्या बाजूनं रंगवून सांगतात. त्या दिवशी त्या रानात सर्वांत जास्त कुटुंबं होती ती नेझ पर्सांची, हे बहुधा राहून जातं.

१८८३ मध्ये रेल्वे उत्तरेच्या दारापाशी पोचली. पाहुणे स्टेशनावर उतरायचे, घोड्यांच्या कोचमधून ठरलेल्या हॉटेलांतून फिरायचे. १९०४ साली उघडलेलं लाकडी ‘ओल्ड फेथफुल इन’ आजही उभं आहे. हा खर्च शहरातल्या सुखवस्तू माणसांना झेपणारा. आसपासचे शेतकरी, गुराखी स्वतःची छकडी जोडून, पीठ-मीठ नि तंबू घेऊन, मुलांसकट येत आणि ओढ्याकाठी मुक्काम ठोकत. कोचवाले त्यांना ‘सेजब्रशर’ म्हणत. त्या माळावरच्या झुडपांवरून पडलेलं हे नाव काही आदरानं घेतलेलं नसायचं. पण पुढच्या शतकातला खरा पर्यटक तोच ठरला.

कारण मोटार आली. १९१५च्या ऑगस्टपासून यलोस्टोनमध्ये मोटारींना परवानगी मिळाली आणि दोन वर्षांत प्रवासी कोचचे घोडे हद्दपार झाले. परवान्याची फी होती ती मोटारीवर. आत माणसं किती, हा प्रश्नच नव्हता. युरोपात महायुद्ध पेटल्यानं अमेरिकी पैसेवाला घरीच अडकला होता आणि ‘आधी अमेरिका पाहा’ ही घोषणा तेव्हा चांगलीच चालली. २५ ऑगस्ट १९१६ रोजी वुड्रो विल्सन यांनी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कायद्यावर सही केली. पहिले संचालक स्टीफन मॅथर मूळचे टाकणखाराच्या धंद्यातले, जाहिरातीत मुरलेले. मतदार उद्यानात आला तरच काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, पैसे देईल, आणि तो मोटारीतून येईल, हे त्यांनी ओळखलं. कायद्यानं मात्र दोन कामं एका दमात सांगितली: लोकांना आनंद घेऊ द्या आणि पुढच्या पिढ्यांसाठी सगळं जसंच्या तसं ठेवा. या दोहोंची सांगड अजूनही नीट बसलेली नाही.

तेव्हाचा आनंद आज ऐकवत नाही. यलोस्टोनमध्ये हॉटेलांचं खरकटं टाकायच्या जागी बाकडी मांडून लोकांना अस्वलं दाखवत. रस्त्याकडेला गाड्यांच्या खिडक्यांतून अस्वलांना खाऊ घालणं १९७० पर्यंत चालू होतं. योसेमिटीत कड्यावरून रात्री निखारे ढकलून ‘अग्निप्रपात’ दाखवायचे. ते १९६८ साली थांबलं. लांडगे मुळात नकोच होते, म्हणून १९२६ पर्यंत यलोस्टोनमधून त्यांचा नायनाट केला आणि १९९५ मध्ये कॅनडातून आणून परत सोडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी सुट्ट्या, स्वस्त पेट्रोल, मागच्या सीटवर मुलं. १९५५ साली सगळ्या उद्यानांत मिळून पाच कोटींहून जास्त लोक आले आणि रस्ते, संडास, तंबूतळ सगळंच अपुरं पडलं. १९५६ ते १९६६ या दहा वर्षांत ‘मिशन ६६’ योजनेखाली मोठी बांधकामं झाली. गेटमधून आत गेल्यावर नकाशे, चित्रफीत, स्वच्छतागृह आणि रेंजरचा काउंटर एकाच छताखाली मिळतो, ते ‘व्हिजिटर सेंटर’ याच काळात रूढ झालं. सगळी कुटुंबं मात्र एकसारखी धरलेली नव्हती. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ उद्यानात १९३९ साली कृष्णवर्णीयांसाठी लुइस माउंटन ही वेगळी जागा उघडली होती, आणि तिथला भेदभाव पूर्ण संपायला १९५० उजाडलं.

मराठी माणूस या गोष्टीत शिरतो तो १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. इंजिनिअर, डॉक्टर गेले, स्थिरावले, आणि उन्हाळ्यात आई-बाबांना सहा महिने बोलावून घेण्याची रीत पडली. त्या मुक्कामात एक मोठी सहल ठरलेली: ग्रँड कॅनियन, नाहीतर यलोस्टोन. भाड्याची सात सीटची गाडी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मोटेलच्या खोलीत राइस कुकर, आणि ओल्ड फेथफुल या गीझरसमोरच्या बाकावर पुढच्या फवाऱ्याची वेळ पाहत बसलेले आजोबा. (दोन फवाऱ्यांमधली ही वेळ साधारण दीड तासाची. पूर्वी ती तासाभराच्या आसपास होती. १९५९च्या भूकंपानंतर अंतर वाढत गेलं.) सेजब्रशर मंडळींशी या सहलीचं नातं रेल्वेच्या पाहुण्यांपेक्षा जवळचं आहे.

गाडीमागे फी हे गणित या सहलीला अगदी जुळलेलं होतं. १ जानेवारी २०२६ पासून ते बदललं आहे. अमेरिकेच्या रहिवाशांना वार्षिक पास ८० डॉलरलाच मिळतो. बाहेरच्यांसाठी तो २५० डॉलरचा झाला आहे. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅनियन यांसारख्या ११ उद्यानांत असा पास नसलेल्या, अमेरिकेत न राहणाऱ्या प्रौढाला नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात. म्हणजे पास नसेल तर गेटवर आता एकाच गाडीतल्या, अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलाचा आणि पुण्याहून आलेल्या त्याच्या आई-वडिलांचा हिशेब वेगळा होतो.