ओरिएंटेशन, रिफ्रेशर आणि तालुक्याचं कॉलेज : थोडी पार्श्वभूमी

2024-25 पासून आपल्या संलग्न कॉलेजांमधे नवीन शैक्षणिक धोरण पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झालं आणि तेव्हापासून स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ट्रेनिंगच्या लिंक येणं थांबलेलं नाही. आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स, दोन आठवड्यांचा रिफ्रेशर म्हणजे विषयाची उजळणी, अमुक एफडीपी (प्राध्यापकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम), आणि प्रत्येक लिंकखाली नवीन लागलेल्या पोरांचा एकच प्रश्न असतो, "सर, हे प्लेसमेंटले चालते का?" प्लेसमेंट म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाणं, बढती. प्रश्न रास्तच आहे, त्यांचा पगार त्यावर ठरतो. पण प्राध्यापकाच्या ट्रेनिंगचं नाव निघालं की आधी प्लेसमेंट आठवतं आणि वर्ग आठवत नाही, हे काही आपोआप झालेलं नाही, त्याला सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, चिखलदऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या कॉलेजांच्या नजरेतून कोणी फारसा मांडत नाही म्हणून लिहितोय.

मुळात शाळेच्या मास्तरला डीएड-बीएड केल्याशिवाय वर्गात उभं राहता येत नाही. कॉलेजच्या प्राध्यापकाला मात्र एमए, एमएस्सी झालं, नेट-सेट ही पात्रता परीक्षा निघाली किंवा पीएचडी झाली की बस, शिकवायचं कसं हे त्याला कोणी कधी शिकवलेलं नसतं. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न येतात, पण खुणा करून उत्तरं देणं वेगळं आणि सत्तर पोरांसमोर उभं राहणं वेगळं. विषय पक्का असला की शिकवणं आपोआप येतं ही समजूत इंग्रजांच्या काळापासूनची. नागपूर विद्यापीठ 1923 ला सुरू झालं, त्याच्याही आधी हिस्लॉप कॉलेज, मॉरिस कॉलेज होतीच, तिथंही हाच हिशोब होता.

आणि विशेष म्हणजे शिक्षकाच्या तयारीचा सगळ्यात मूलभूत विचार आपल्याच मातीत झाला. 1937 च्या ऑक्टोबरमधे वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, पुढे सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचं, काम उभं राहिलं, आर्यनायकम आणि आशादेवींनी तिथं शिक्षक घडवायला आयुष्य दिलं. काय शिकवायचं यापेक्षा शिकवणारा माणूस कसा तयार होतो याची चर्चा देशात गाजली ती इथून. पण ती सगळी शाळेपुरती राहिली. वर्ध्याहून नागपूर जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर, तरी विद्यापीठाच्या वर्गापर्यंत ती पोचली नाही, याचं मला कायम वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोग बसला, 1948-49. त्यांनी हायस्कूल आणि इंटरमिजिएटच्या शिक्षकांसाठी विद्यापीठांनी रिफ्रेशर कोर्स घ्यावेत असं सुचवलं, म्हणजे रिफ्रेशर हा शब्द आपल्याकडे तेव्हापासून फिरतोय. 1953 मधे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आली, 1956 ला तिला कायद्याचा आधार मिळाला. साठच्या दशकात विज्ञानाच्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरं सुरू झाली, समर इन्स्टिट्यूट म्हणायचे त्याला, अमेरिकेच्या मदतीने चालायची. विषयाचं ताजं ज्ञान मिळायचं हे खरं, पण शिकवण्याची पद्धत हा त्यातला मुख्य भाग नव्हता.

खरी नेमकी गोष्ट कोठारी आयोगाने सांगितली. 1964 ते 66 चा हा आयोग, त्यांनी म्हटलं की नवीन लागलेल्या लेक्चररला एकदम वर्गात ढकलू नका, त्याला रुळायला वेळ द्या, सत्राच्या सुरुवातीला काही आठवड्यांचं ओरिएंटेशन प्रत्येक विद्यापीठात आणि जमेल तिथं प्रत्येक कॉलेजात व्हावं, मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमचं स्टाफ कॉलेज काढावं. यातलं "जमेल तिथं प्रत्येक कॉलेजात" हे नीट लक्षात ठेवा, पुढे गायब झालं ते नेमकं हेच.

हा काळ आपल्याकडे कसा होता पहा. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी कॉलेज शहराच्या बाहेर नेलं, तालुक्याच्या गावी नेलं. पहिल्यांदाच शेतकऱ्याचा, शेतमजुराचा पोरगा, आणि हळूहळू पोरगीही, पायी-सायकलीने नाहीतर एसटीने कॉलेजात यायला लागली. घरात वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोलामी, कोरकू बोलणारी पोरं, शाळेत मराठीत शिकलेली, आणि समोरचा तरुण लेक्चरर नागपूर-अमरावतीहून एमए करून आलेला, स्वतःच्या सरांनी जशा नोट्स दिल्या तशाच डिक्टेट करणारा. त्यात त्याची चूक काय, त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. मदतीची सगळ्यात जास्त गरज याच माणसाला होती, कारण शहरातल्या कॉलेजात पोरं घरून काहीतरी घेऊन येतात, इथं जे काही व्हायचं ते त्या पंचेचाळीस मिनिटांतच व्हायचं.

कोठारींच्या शिफारशीनंतर वीस वर्षं तुकड्या-तुकड्याने गेली. सत्तरच्या दशकात विज्ञान कॉलेजांसाठी कोसिप नावाची योजना आली, प्रयोगशाळा आणि अभ्यासक्रम सुधारायला पैसे मिळाले, एमफिल-पीएचडीसाठी पगारी रजा देणाऱ्या फेलोशिप आल्या. कामाच्या होत्या, पण पगारी रजेवर गेलेला माणूस संशोधक होऊन परत यायचा, शिकवणं सुधारेलच असं नाही.

मग 1986 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्यातून यूजीसीची अकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना निघाली. सुरुवातीला देशभरात 48 केंद्रं ठरली, वाढत वाढत 66 झाली, आपल्याकडे नागपूर आणि अमरावती दोन्ही विद्यापीठांना मिळालं. नवीन लेक्चररला चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, जुन्यांना तीन आठवड्यांचं विषयाचं रिफ्रेशर. पुढे ओरिएंटेशनचे 24 दिवस आणि 144 तास असा हिशोब पक्का झाला. कल्पना चांगली होती, मी आजही म्हणेन की उच्च शिक्षणात शिकवणाऱ्या माणसाचा थेट विचार करणारी देशातली ती पहिली मोठी योजना होती.

पण त्याच वेळी नवीन वेतनश्रेणी आल्या. सीनियर स्केलमधे जायला आठ वर्षांची सेवा आणि सोबत दोन रिफ्रेशर किंवा समर इन्स्टिट्यूट, अशी अट त्या 1986 च्या वेतन योजनेतच घातली गेली. 1998 च्या नियमांत ती आणखी पक्की झाली. म्हणजे स्टाफ कॉलेज सुरू झालं तेव्हाच त्याच्या दारावर बढतीची पाटी लागली. सरकारच्या बाजूने पाहिलं तर कारण समजतं, अट नसती तर कोण घरदार सोडून महिनाभर गेलं असतं. पण परिणाम असा झाला की कोर्स कधी करायचा हे वर्गाच्या गरजेवरून ठरायचं सोडून प्लेसमेंटच्या तारखेवरून ठरायला लागलं. ज्याला नोकरीच्या पहिल्या वर्षी ओरिएंटेशन पाहिजे तो ते चौथ्या-पाचव्या वर्षी करायचा, तोवर त्याच्या सवयी पक्क्या झालेल्या.

आता तिथं काय व्हायचं हेही सांगितलं पाहिजे, कारण सगळं वाईट होतं असं म्हणणं खोटं ठरेल. दिवसभर व्याख्यानं, पाहुणे वक्ते, पर्यावरण, संविधान, कॉम्प्युटर, योग, आणि शेवटी मायक्रो टीचिंग, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं आपल्याच सोबत्यांसमोर शिकवायचं आणि त्यांनी चुका सांगायच्या. बहुतेक प्राध्यापकांना आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कोणीतरी "तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता" असं तिथं सांगितलं. ती पंधरा मिनिटं लोक विसरत नाहीत. आणि होस्टेलवर रात्री केमिस्ट्रीवाला, इतिहासवाला, धारणीचा, पुसदचा, देसाईगंजचा असे एकत्र बसायचे, पोरं इंग्रजीला घाबरतात तर काय करता, कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामा होतो तेव्हा काय करता, असल्या गोष्टी निघायच्या. माझं ठाम मत आहे की त्या कोर्सचा खरा अभ्यासक्रम तो होता आणि तो कोणत्याच वेळापत्रकात नव्हता.

अडचण पुढची. एकेका विषयाला एक किंवा दोनच माणसं असलेल्या कॉलेजातून कोणी महिनाभर गेलं तर त्याचे तास कोण घेणार? ड्युटी लीव्ह मिळते कागदावर, प्राचार्य म्हणतात आता नको, परीक्षा झाल्यावर जा, परीक्षा झाल्यावर जागा भरलेल्या असतात. महिलांचं तर आणखी अवघड, लहान लेकरू घरी ठेवून महिनाभर होस्टेलवर राहायचं म्हणजे काय ते ज्यांनी केलं त्यांनाच माहीत. शिवाय अंतर. गोंडवाना विद्यापीठ 2011 ला झालं, त्याआधी सिरोंचा, अहेरी, भामरागड सगळं नागपूरशी जोडलेलं होतं, आणि सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या वर आहे, नागपूर तर अजून दूर. त्यामुळे कोर्स पूर्ण करायची मुदत संपत आली की घाई, मुदत संपली की मुदतवाढीची पत्रं, ती वाढत वाढत 2018 च्या शेवटापर्यंत गेली. प्राध्यापक संघटनांना, आपल्याकडे नुटाला (नागपूर विद्यापीठ शिक्षक संघाला), ज्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं भांडावं लागलं त्यात हा रिफ्रेशरच्या तारखांचा प्रश्न कायम होता. त्या भांडणाला मी कमी लेखत नाही, लोकांची बढती अडकली होती. फक्त त्यात शिकवण्याचा विषय मागे पडत गेला.

2010 च्या नियमांनी एपीआय आणलं, म्हणजे बढतीसाठी प्रत्येक गोष्टीला गुण. सेमिनारला गुण, पेपरला गुण, मग सेमिनारचा नुसता पूर आला. 2015 मधे स्टाफ कॉलेजचं नाव बदलून एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्र) झालं. 2018 च्या नियमांत ओरिएंटेशन 21 दिवसांचं आलं, ऑनलाइन कोर्सचीही मुभा मिळाली, त्याच वर्षी स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर अर्पित नावाने रिफ्रेशरच्या बरोबरीचे कोर्स सुरू झाले. मग कोरोनात सगळंच ऑनलाइन गेलं. 2023 ला शिक्षक दिनी मालवीय मिशनचा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर झाला, देशभरात 111 केंद्रं, आणि जुने एचआरडीसी आता या नव्या नावाखाली काम करतायत. आठ दिवसांचा तो धोरणाचा ऑनलाइन कोर्स याच मिशनचा.

ऑनलाइनचा एक फायदा नाकारता येत नाही, महिनाभर घर सोडायची अट गेली, एटापल्लीतली मॅडमही आता दिल्लीच्या केंद्राचा कोर्स करू शकते, रेंज असली तर. पण मायक्रो टीचिंगची ती पंधरा मिनिटं आणि होस्टेलवरची रात्र या दोन्ही गोष्टी गेल्या, आणि माझ्या मते त्याच दोन कामाच्या होत्या.

आणि या सगळ्या इतिहासाच्या बाहेर राहिला तो सीएचबीवाला, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवणारा. भरती वर्षानुवर्षं अडलेली, जुने सर रिटायर झाले, जागा रिकाम्या, त्यांचं वर्कलोड तासिका तत्त्वावर पोरं ओढतायत. कितीतरी ठिकाणी अख्खा विभाग सीएचबीवर चालतो. नियमाने त्यांना कोर्सला पूर्ण बंदी कधीच नव्हती, तीन सत्रं शिकवलेल्या कंत्राटी, अर्धवेळ शिक्षकांना स्टाफ कॉलेज घेऊ शकायचं. पण ज्याला तासाचे पैसे मिळतात त्याचे कोर्सच्या दिवसांचे पैसे बुडतात, पुढच्या वर्षी हेच कॉलेज असेल की नाही माहीत नाही, आणि प्लेसमेंट तर त्याला लागूच नाही. ट्रेनिंग बढतीला बांधलं की ज्याला बढतीच नाही तो बाहेर, इतकं ते सरळ आहे. आणि आज पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर सगळ्यात जास्त तास तोच उभा असतो.

दुसरी वाट शक्य होती का? होती, आणि आपल्याच जिल्ह्यांत आहे. 1969 ला सेवाग्रामला सुरू झालेलं मेडिकल कॉलेज घ्या किंवा कोणतंही मेडिकल कॉलेज घ्या, 1997 च्या नियमांपासून तिथं कॉलेजच्या आतच मेडिकल एज्युकेशन युनिट असावं लागतं, तिथलेच अनुभवी शिक्षक नव्यांना शिकवण्याची, परीक्षा घेण्याची पद्धत शिकवतात. म्हणजे कोठारींनी म्हटलेलं "प्रत्येक कॉलेजात" डॉक्टरांकडे झालं. आर्ट्स-कॉमर्सच्या कॉलेजात त्या जागी आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता समिती) आहे आणि तिचा बहुतेक वेळ नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइली जमवण्यात जातो.

आणखी एक वाट कोणत्याच धोरणात लिहिलेली नाही पण चालत आलेली आहे, ती म्हणजे विषयवार प्राध्यापकांच्या परिषदा. इतिहासवाले, मराठीवाले, अर्थशास्त्रवाले वर्षातून एकदा एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात जमतात, यजमान कॉलेज जेवणाची आणि झोपायची सोय करतं, सिलॅबस बदलला असेल तर तो पेपर कसा शिकवायचा, मराठीत पुस्तक कोणाचं चांगलं, हे तिथं ठरतं. उत्तरपत्रिका तपासायच्या कॅम्पमधेही हेच व्हायचं, एकाच विषयाचे लोक आठवडाभर एका हॉलमधे, पोरं नेमकं कुठं चुकतात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि या दोन्ही ठिकाणी सीएचबीवाला आणि परमनंट एकाच बाकावर बसलेला असतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सध्या नवीन धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा निवडीचा विषय), कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञान परंपरा असे कितीतरी पेपर एकदम आलेत, ज्यांचा वर्ग आधी कोणी घेतलेलाच नाही. आठ दिवसांच्या ऑनलाइन कोर्समधे धोरण समजतं. पण सोमवारी सकाळी ओपन इलेक्टिव्हच्या वर्गात कॉमर्सच्या पोरांना भूगोल कुठून सुरू करायचा, हे विचारायला त्या सीएचबीच्या पोराला आजही स्वतःच्या फोनमधला दुसऱ्या कॉलेजच्या सरांचाच नंबर लावावा लागतो.