प्रवाळखडकावरचा न्हावी

खडकाच्या कडेला एक मोठा हेकरू मासा तोंड उघडून थांबलाय. एरवी लहान मासे याच जबड्यात एका घोटात नाहीसे होतात. पण आत्ता बोटभर लांबीचा, अंगावर काळा पट्टा ओढलेला एक निळसर मासा त्याच्या कल्ल्यांमधून आत शिरतो, दातांच्या फटी तपासतो आणि सुखरूप बाहेर पडतो. घोड्याने गवताशी दोस्ती केली तर खाणार काय, असं आपण म्हणतो. इथे तर घोडाच गवताच्या दारात येऊन उभा राहतो.

हा मासा म्हणजे क्लीनर रास, शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. तांबड्या समुद्रापासून पॉलिनेशियापर्यंतच्या प्रवाळखडकांवर तो सापडतो, आपल्या लक्षद्वीपमध्येही. लांबी फार तर 14 सेंटिमीटर. गावच्या न्हाव्यासारखी त्याची बसायची जागा ठरलेली असते आणि गिऱ्हाईक तिथे चालून येतं. अंगावरचे परजीवी किडे काढून घेणं हे गिऱ्हाइकाचं काम, ते किडे खाणं ही न्हाव्याची मजुरी. यातले बरेचसे किडे नॅथिइड नावाचे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, गोचिडासारखे रक्त पिणारे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटापाशी संशोधक अलेक्झांड्रा ग्रटर यांनी या मजुरीचा हिशोब मांडला. एक मासा दिवसाला सुमारे 1,200 किडे खातो आणि त्यासाठी दोन हजारांहून जास्त वेळा मासे तपासतो. पुढे काही छोट्या खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षं सातत्याने काढून टाकले गेले. त्या खडकांवर कायम राहणाऱ्या माशांची संख्या 37 टक्क्यांनी कमी भरली. एवढ्याशा जिवावर अख्ख्या वस्तीचं आरोग्य टेकलेलं असतं, हे मला या साऱ्या अभ्यासातलं सर्वात थक्क करणारं वाटतं.

पण या न्हाव्याला किडे फारसे आवडतच नाहीत! त्याला खरी चटक असते ती गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची. दोन्ही समोर ठेवले तर तो बुळबुळीत थरच निवडतो. तो थर म्हणजे माशाचं संरक्षक कवच. त्याचा लचका तोडला की गिऱ्हाईक दचकून अंग झटकतं. म्हणजे प्रत्येक वेळी या माशापुढे दोन वाटा असतात: नावडतं खाऊन धंदा टिकवायचा, की आवडतं खाऊन गिऱ्हाईक गमवायचं.

संशोधक रेदुआन बशारी यांनी तांबड्या समुद्रात आणि पुढे इतरत्र वर्षानुवर्षं हेच पाहिलं. ज्यांचा वावर मोठा असतो, असे मासे दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊ शकतात. त्यांना हा मासा आधी घेतो, नीट वागवतो. जे आपल्या कोपऱ्यातून हलूच शकत नाहीत, त्यांना थांबावं लागतं; मात्र चावा बसला तर ते त्याचा पाठलाग करून हिशोब चुकता करतात. आणि पुढचं गिऱ्हाईक बघत असेल, तर आताच्या गिऱ्हाइकाला चावणं तो कमी करतो. चार लोकांत नाव खराब होऊ नये, ही काळजी माशालाही आहे. रागावलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढायची रीतही त्याच्याकडे आहे: पोटाखालच्या परांनी तो त्याची पाठ चोळून देतो. अशा चोळण्याने माशांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं, हे मोजून पाहिलेलं आहे.

घरातही पहारा असतो. एक नर आणि त्याच्यासोबत काही माद्या असं हे कुटुंब. नर आणि मादी एकच गिऱ्हाईक तपासत असताना मादीने लचका तोडला आणि गिऱ्हाईक निघून गेलं, तर नर तिच्या मागे लागतो. मादी आकाराने त्याच्या जवळपास असेल, तर तो जास्तच कठोर होतो. याला कारण आहे. या जातीत सगळे जन्मतः मादी असतात. नर मेला की सर्वांत मोठी मादी दोनेक तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्रजंतू तयार होतात. बुळबुळीत खाऊन झपाट्याने वाढणारी मादी म्हणजे नराच्या दृष्टीने उद्याचा प्रतिस्पर्धी.

इतकं सगळं लक्षात ठेवणारा मेंदू केवढा असेल? अगदी चिमुकला. तरीही एका प्रयोगात चिंपांझी, ओरांगउटान आणि कॅपुचिन माकडांपेक्षा हे प्रौढ मासे सरस ठरले. दोन थाळ्यांत सारखंच खाणं होतं. एक थाळी थांबणारी, दुसरी दुर्लक्ष केलं की उचलली जाणारी. उचलली जाणारी आधी खाल्ली की दोन्ही मिळतात. माशाला हे पटकन उमगलं, कारण निघून जाऊ शकणारं गिऱ्हाईक आधी घ्यायचं हा त्याचा रोजचाच धडा. 2019 मध्ये जपानच्या मासानोरी कोहदा यांच्या गटाने माशांच्या गळ्याखाली तपकिरी ठिपका लावला. आरशात तो दिसल्यावर चारपैकी तीन माशांनी आपला गळा तळावर घासला, जणू आरशातला मासा आपणच आहोत हे त्यांना कळलं होतं. ठिपका किड्यासारखा दिसणारा होता. असला ठिपका नजरेतून सुटू न देण्यावरच तर या माशाचं पोट चालतं.

दरम्यान, लिझर्ड बेटावर लागोपाठ दोन चक्रीवादळं झाली होती आणि 2016 मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले. त्यानंतरच्या मोजणीत तिथल्या क्लीनर रासची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटलेली आढळली. गिऱ्हाइकंही कमी झाली होती, पण न्हावी त्याहून जास्त. उरलेल्या माशांना पुन्हा त्याच परीक्षा दिल्या. थाळीच्या परीक्षेत ते चुकू लागले, कुणी बघत असलं तरी वागणं बदलेना. पूर्वी दुसरा न्हावी जवळच असायचा, म्हणून गिऱ्हाईक जपावं लागायचं. आता गिऱ्हाइकाला जायला दुसरी जागाच उरली नव्हती.